भरती-ओहोटीचा धडा ‘ऑप्शन’ला टाकणाऱ्या सोलापूरच्या गुरुजनांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातले भूगोल आणि विज्ञानाचे समस्त शिक्षक,

स. न. वि. वि.

मी शिक्षक नाही. पूर्व भागात मागांच्या खडखडाटात वाढलो. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही आणि वर थोडी कन्नड, असा आपल्या गावचा नेहमीचा मामला. नोकरीची बावीस वर्षं मात्र कोकणात, खाड्यांच्या आणि उपसागरांच्या तोंडाशी होडीत बसून पाण्याचा वेग मोजण्यात गेली. साहेब नव्हतो. मोजणाऱ्यांच्या टोळीतला रीडिंग लिहून घेणारा, पुढे मोजणी लावून देणारा. आता गुडघे होडीत चढू देत नाहीत म्हणून गावी परत आलोय.

हे पत्र लिहायला निमित्त झालं एका शाळेतलं विज्ञान प्रदर्शन. शाळेचं नाव घेत नाही, कारण तिथं जे पाहिलं ते त्या एकाच शाळेत घडतं असं मला वाटत नाही. परीक्षक म्हणून बोलावलं होतं. ज्वालामुखी होते, ठिबक सिंचन होतं, सात-आठ पवनचक्क्या होत्या, आणि कोपऱ्यात आठवीतल्या एका मुलीनं पत्र्याच्या ट्रेमध्ये शाडूचा किनारा करून चक्क एक उपसागर केला होता. सोलापुरात! तोंड अरुंद, आत पोट मोठं. बाहेरच्या बाजूला नळीनं बादली जोडलेली. बादली उचलली की भरती, खाली ठेवली की ओहोटी. पाण्यावर थर्माकोलचे मणी सोडायचे आणि कुठला मणी कुठे गेला ते वहीत बाणानं दाखवायचं. मी दहा मिनिटं तिथंच उकिडवा बसलो.

मग वही मागितली. एका पानावर नऊ मण्यांचे बाण काढलेले. त्यातल्या चौथ्या बाणावर लाल शाईनं काट आणि शेजारी ‘चूक. पुन्हा काढा.’ पुढच्या पानावर नऊच्या नऊ बाण शहाण्या मुलांसारखे आत चाललेले. मी विचारलं, हा चौथा का खोडला? ती आधी सरांकडे बघून घेतली, मग आवाज बारीक करून म्हणाली, “काका, तो उलटा जायचा. दर वेळी.”

दर वेळी. गुरुजन हो, या दोन शब्दांसाठी मी हे पत्र लिहितोय.

तो मणी बरोबर होता. अरुंद तोंडातून पाणी आत घुसतं तेव्हा ते ताठ धारेसारखं मध्यातून जातं, आणि धारेच्या दोन्ही अंगांना, तोंडाच्या आडोशाला, पाणी गोल फिरत मागे येतं. भोवराच म्हणा. मुंबई बंदराच्या तोंडाशी असो, गोव्यात मांडवीच्या तोंडाशी असो की अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेटला असो, जमिनीचं टोक पुढे आलेलं असेल तर त्याच्या आडोशाला पाणी असंच फिरतं. पोरीनं पत्र्याच्या ट्रेमध्ये ते पकडलं होतं. आणि आपण तिला ते खोडायला लावलं, कारण भरतीला पाणी आत येतं असं पुस्तकात लिहिलंय.

आता माझं सांगतो, म्हणजे त्या सरांना मी एकट्यालाच बोल लावतोय असं वाटणार नाही.

नोकरीला लागून दोन महिने झाले होते. उपसागराच्या तोंडाशी होडी नांगरून सलग पंचवीस तास मोजायचं होतं. पंचवीसच का, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा असतो, त्यात दोन भरत्या, दोन ओहोट्या. एक भरती ते दुसरी भरती १२ तास २५ मिनिटं. चोवीस तासांत मोजणी आटपली तर चक्र पुरं होत नाही. आम्ही आळीपाळीनं बसायचो. पाळी हा शब्द मला मिलच्या भोंग्यामुळे लहानपणापासून माहीत, तेवढा एकच शब्द त्या होडीत ओळखीचा होता. दर अर्ध्या तासाला कप्पीवरून प्रवाह मोजायचा मीटर सोडायचा, वरच्या पाण्यात एक, मधे एक आणि तळापासून मीटरभर वर एक, अशी तीन रीडिंगं. वेग आणि दिशा. पहिल्या दिवशी दिशेतच घोळ झाला होता. वारा सांगताना कुठून आला ते सांगतात, पाणी सांगताना कुठे चाललंय ते सांगतात. पश्चिमेचा वारा आणि पश्चिमेचा प्रवाह एकमेकांच्या तोंडावर येतात. हे कुणी समजावून दिलं नव्हतं, शिव्या खाऊन कळलं.

रात्री साडेतीनचा सुमार. ओहोटी चालू. होडीच्या दिव्यात फेस, काटक्या, एक रबरी चप्पल, सगळं समुद्राकडे निघालेलं मला डोळ्यांनी दिसत होतं. वरचं रीडिंग बाहेर. मधलं जेमतेम, पण बाहेर. तळाचा मीटर मात्र म्हणतोय, पाणी आत चाललंय. पुन्हा सोडला. पुन्हा आत. मला वाटलं, होकायंत्र अडकलं असणार. सातवीत शिकलो होतो की भरतीला पाणी येतं, ओहोटीला जातं. एकाच वेळी येतं आणि जातं असं काही शिकवलं नव्हतं. खरं तर काहीच शिकवलं नव्हतं. आमच्या शाळेत तो धडा ऑप्शनला होता. “सोलापूरला समुद्र नाही, एक मार्काचा प्रश्न येतो, सोडून द्या.” मी तळाच्या दिशेत १८० अंश मिळवले आणि रजिस्टरात सगळं सरळ करून ठेवलं. बारावीच्या प्रॅक्टिकलला लंबकाची रीडिंगं जशी जुळवायचो तशीच. हात सरावलेला होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी आलेख काढले. ओरडले नाहीत. पेन्सिल माझ्या पाळीवर ठेवून म्हणाले, “इतर सगळ्या पाळ्यांत तळ आधी वळलाय, वरचं पाणी नंतर. तुझ्याच पाळीत वळला नाही. तू बसलास म्हणून समुद्र वेगळा वागला का?”

मी कबूल केलं. ती सगळी मोजणी बाद झाली. तसंच उधाण, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, परत यायला पंधरा दिवस थांबावं लागलं. होडीचं भाडं, डिझेल, माणसं, सगळं पुन्हा.

तळाचं पाणी आधी का वळतं, हे साहेबांनी नंतर चहा पिताना सांगितलं. तळाशी घर्षण, म्हणून तिथलं पाणी आधीच हळू. वरचं पाणी भरधाव. ओहोटी संपत आली, बाहेरची पातळी चढायला लागली, की दोघांनाही आत ढकलणारा जोर लागतो. मंद चाललेलं पटकन वळतं, भरधाव चाललेलं आपल्या वेगानं अजून थोडं बाहेरच जात राहतं. पुणे नाक्यावर सायकलवाला चटकन मागे वळतो, साखरेची पोती भरलेला ट्रक वळत नाही, तसंच. किनाऱ्यालगतचं उथळ पाणीही मधल्या खोल पाण्याच्या आधी वळतं. म्हणून खाडीतले तांडेल भरतीची चाहूल लागली की होडी कडेकडेनं आत घेतात. मधल्या धारेला ओहोटी चालू असतानाच कडेला भरती सुरू झालेली असते. त्यांनी कुठली पुस्तकं वाचली नव्हती, पण मणी उलटा गेला तर मण्याला कधी खोटं पाडलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण सोलापूरच्या पोरांना याचं काय? हाच प्रश्न मला गावात रोज विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडं पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतात. उजनी किती टक्के, किती टीएमसी, हे आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. तर वर्गात फळ्यावर एवढं करून बघा. एक उपसागर घ्या, शंभर चौरस किलोमीटरचा. भरती-ओहोटीतला फरक धरा तीन मीटर. उत्तर कोकणात उधाणाला एवढा सहज असतो. भरतीत आत आलेलं पाणी किती? तीस कोटी घनमीटर, म्हणजे साडेदहा टीएमसीच्या वर. सहा तासांत. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास. म्हणजे उजनी अकरा भरत्यांत काठोकाठ, साडेपाच-सहा दिवसांत. आता तो ओघ क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असा, काढायला सांगा. सरासरी पावणेपाच लाख क्युसेक येईल, आणि ऐन भरात सात लाखांच्या पुढे. चंद्रभागेला लाख-सव्वा लाख क्युसेक आलं की पंढरपुरात काय होतं ते मुलांनी पाहिलेलं असतं. त्याच्या कितीतरी पट पाणी खाडीच्या तोंडातून दिवसातून दोनदा आत जातं आणि दोनदा बाहेर येतं, आणि कुणाची झोप मोडत नाही. हे गणित एकदा स्वतः केलेलं पोर भरतीचा धडा विसरणार नाही, आणि तुम्हाला एकही जादा तास घ्यावा लागणार नाही.

याच गणितातून अजून एक गाठ सुटते. जुलैत टीव्हीवर ‘आज मुंबईत साडेचार मीटरची भरती’ असं ओरडतात तेव्हा मुलांना वाटतं की पातळी सगळ्यात उंच असताना पाणी सगळ्यात जोरात आत येत असणार. उलट आहे. ज्या उपसागराचं आतलं टोक बंद आहे, लांबीही बेताची आहे, तिथं पातळी सगळ्यात भरभर चढते ती मधल्या काळात, म्हणून तोंडाशी जोर तेव्हाच. भरती पुरी झाली की तोंडाशी पाणी जवळपास उभं. लांबलचक खाडीत हे वेळापत्रक सरकतं, पातळी कमाल असतानाही पाणी आत धावत असू शकतं. कुठल्या तोंडाशी किती सरकतं, हे कागदावर बसून सांगता येत नाही. होडी नांगरावीच लागते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. भरतीला आत आलेलं पाणी ओहोटीला बाहेर गेलं. पुढच्या भरतीला तेच पाणी परत आत येतं का? वर्गात विचारा. सगळे हो म्हणतील. मग निरांजन लावा. फुंकर घातली की विझतं. आता तेवढ्याच अंतरावरून तेवढ्याच जोरात श्वास आत ओढून विझवून दाखवा म्हणावं. नाही विझत. बाहेर जाणारी हवा धार धरून जाते, आत येणारी सगळीकडून गोळा होऊन येते. खाडीचं तोंडही असंच आहे. ओहोटीचं पाणी धार धरून लांब समुद्रात जातं, भरतीचं पाणी तोंडाच्या आजूबाजूनं, किनाऱ्याकिनाऱ्यानं गोळा होऊन येतं. म्हणजे प्रत्येक खेपेला थोडं जुनं पाणी बाहेर राहतं आणि थोडं नवं आत येतं. उपसागर त्यामुळं धुतला जातो. तसं नसतं तर मुंबईच्या खाड्यांत सोडलेली घाण वर्षानुवर्षं तिथंच येरझाऱ्या घालत बसली असती. तरी बरीचशी बसतेच, तो भाग वेगळा.

येरझाऱ्यांवरून आठवलं. पंचवीस तासांच्या आकड्यांतून येणं-जाणं वजा केलं की काहीतरी बारीकसं उरतं. साहेब त्याला ‘रेसिड्युअल’ म्हणायचे, उरलेला प्रवाह. टोळीतल्या कुणाच्या डोक्यात ते शिरेना. मी म्हटलं, “म्हणजे कापड.” साहेब म्हणाले, कसलं कापड? मी सांगितलं, आमच्याकडं मागावर आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडं जातो. बघणाऱ्याला फक्त धोटाच दिसतो, कानठळ्या त्याच्याच. पण धोटा कुठंच जात नाही, पुढं सरकतं ते कापड. इंचाइंचानं, रुळावर गुंडाळत, एकाच दिशेनं. भरती-ओहोटी म्हणजे धोटा. सेकंदाला ८० सेंटिमीटरचा कमाल वेग असला तर एका ओहोटीत पाणी अकरा किलोमीटर बाहेर जातं आणि भरतीत तेवढंच आत येतं. उरलेला प्रवाह सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर, पण तो दिवसाला अडीच किलोमीटरनं एकाच बाजूला नेत राहतो. गाळ शेवटी कुठे बसणार, माशांची पिल्लं कुठे पोचणार, सांडपाण्याचा नळ कुठे सोडावा, हे सगळं कापडावर ठरतं. साहेबांनी ती उपमा पुढे दहा ठिकाणी वापरली, आणि कुठून मिळाली ते एकदाही सांगितलं नाही! असो. माझे वडील चादरीच्या मागावर होते, त्यांना हे सांगितलं तेव्हा नक्षी विणणाऱ्या जकार्डवरून नजर न हलवता एवढंच म्हणाले, “मग एवढं शिकून काय वेगळं बघितलंस?”

या ज्ञानाची गरज एखाद्या दिवशी अचानक पडते. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं. बंदराची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. तेल कुठे जाणार, उरणकडे, अलिबागकडे की आत खाडीच्या कांदळवनात, हा प्रश्न त्या दिवशी सगळ्यांना पडला. असल्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी मोजून मिळत नाही. आधीच्या वर्षांत कुणीतरी रात्री साडेतीनला खरं रीडिंग लिहून ठेवलेलं असावं लागतं.

समुद्र नाही, या सबबीबद्दल थोडं. आपल्या देशाची भरतीची कोष्टकं भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो, डेहराडूनहून. नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालयही डेहराडूनलाच. त्सुनामीचा इशारा देणारं, लाटांचा आणि प्रवाहांचा अंदाज सांगणारं ‘इन्कॉइस’ हैदराबादला, म्हणजे आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर. बंदरांच्या तोंडाशी पाणी कसं फिरेल, धक्का बांधला तर गाळ कुठे साठेल, हे प्रतिकृती करून पाहणारी संस्था १९१६ साली सुरू झालेली, आणि ती आहे खडकवासल्याला. खडकवासल्याचं पाणी मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत, भीमेतून उजनीत आणि उजनीतून आपल्या नळाला. चार-पाच दिवसांनी का होईना, येतं. डोंगरात बसून समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांचं उष्टं पाणी आपण पितो आणि मुलांना सांगतो, आपला समुद्राशी काही संबंध नाही. आणि पुढे ते पाणी जातं कुठे? आपली सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. म्हणजे एका उपसागराच्या काठावरचं गोडं पाणी आपल्या अंगणातून गेलेलं असतं. त्या किनाऱ्यावरचा मोठा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो, फेब्रुवारी ते मे उत्तरेकडे आणि पावसाळ्यानंतर दक्षिणेकडे. आपल्याकडं वारी आणि परतवारी असते, तसंच काहीसं.

प्रतिकृतीवरून एक गमतीची, आणि तुमच्या पेशाशी नातं असलेली गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोत जॉन रेबर नावाचे गृहस्थ होते. आधी शाळामास्तर, मग नाटकं बसवणारे. त्यांच्या डोक्यात आलं की त्या अख्ख्या उपसागरात बांध घालून गोड्या पाण्याचे तलाव करावेत. मास्तरांचं वक्तृत्व बघता बेत चांगलाच गाजला. मग १९५७ मध्ये जवळच्या सॉसालिटोला सरकारी अभियंत्यांनी दीड एकरावर उपसागराची काँक्रीटची प्रतिकृती बांधली. आडवं माप हजारास एक, उभं शंभरास एक. चंद्राचा अख्खा दिवस तिथं पंधरा मिनिटांत उलटतो. त्यावर पाणी फिरवून पाहिलं आणि बांधांचा बेत बारगळला. त्या आठवीतल्या मुलीचा ट्रे आणि ही दीड एकराची प्रतिकृती, जात एकच.

आता माझं मागणं. शासन निर्णय नको, निधी नको.

तो धडा ऑप्शनला टाकू नका, हे पहिलं. भिंतीवर दिनदर्शिका असते, तिच्यात तिथी असते. कोकणातला जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. मुलांना महिनाभर रोज ती वेळ काढायला सांगा आणि शेजारी मुंबईच्या भरतीच्या कोष्टकातली वेळ लिहायला सांगा. अर्धा-पाऊण तासाचा, कधी त्याहून जास्तही, फरक पडेल. का पडतो, हे लगेच सांगू नका, आठवडाभर छळू द्या त्यांना. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासून पातळीची नोंद आहे, ती कुणीतरी असंच रोज बघून ठेवली म्हणून आहे.

शाळेत माशांची काचेची पेटी असेल तर मधे पुठ्ठ्याची आड घाला. कडा चिकणमातीनं बंद करा. एका बाजूला साधं पाणी, दुसऱ्या बाजूला लिटरला ३५ ग्रॅम मीठ आणि दोन थेंब निळी शाई. समुद्राचा खारटपणा साधारण तेवढाच. आड हळूच वर ओढा. निळं पाणी तळानं जीभ काढल्यासारखं पलीकडे सरकतं आणि साधं पाणी वरून अलीकडे येतं. पावसाळ्यात कोकणातल्या नदीच्या तोंडाशी हेच होतं, वरून गढूळ गोडं पाणी बाहेर, खालून खारं आत. मला रात्री साडेतीनला जे खोटं वाटलं ते, इथं कारण वेगळं असलं तरी, मुलं दुपारी साडेतीनला डोळ्यांनी बघतील. खर्च मिठाच्या पुड्याचा.

जमलं तर एक दिवस हिप्परग्याच्या तलावावर न्या. पाण्यात कुणी उतरायचं नाही, काठावरूनच. संत्री फेका. संत्रं सालीसकट तरंगतं, पण बरंचसं बुडालेलं राहतं, म्हणून त्याला वारा नेत नाही, पाणी नेतं. रिकामी बाटली शेजारी सोडा, तिला वाराच नेतो. दोघांची वाट वेगळी झाली की मुलांचे चेहरे बघा. डाळिंब तरंगतं का, मला विचारू नका. पंढरपूर-सांगोल्याची पोरं वर्गात असतील, त्यांना आणायला सांगा.

आणि शेवटचं मागणं, जे खरं पहिलं. जर्नलमध्ये रीडिंग जुळवायला लावू नका. मला कळतं, बाहेरचे परीक्षक येतात, पोर्शन राहतो, साठ मुलांत चार स्टॉपवॉच, त्यातली दोन बंद. तरी चुकलेलं वाटणारं रीडिंग खोडायच्या आधी तेवढं एक विचारा, पुन्हा केलंस का, पुन्हा तसंच आलं का? तीनदा तसंच आलं तर लाल पेन खाली ठेवा आणि मुलालाच शेजारी लिहू द्या, ‘कारण कळलं नाही’. हे वाक्य असलेली जर्नल मी आपल्या गावात अजून पाहिलेली नाही.

त्या मुलीला मी पहिला नंबर दिला. दुसऱ्या परीक्षकांना पवनचक्की आवडली होती, त्यामुळे तिला विभागून मिळाला. सरांशी बाजूला बोललो. त्यांनी मनावर घेतलं, रागावले नाहीत, उलट म्हणाले, “आम्हाला तरी कुणी दाखवलं होतं?” बरोबर आहे. म्हणून तर सगळ्यांनाच लिहितोय. कुठल्या शाळेला ट्रे, मणी आणि बादली घेऊन मी यायला हवा असेल तर शनिवारी सकाळच्या शाळेनंतर येईन. माग बंद असतो तेव्हा मोकळाच असतो.

आपला,
पूर्व भागातला एक जुना विद्यार्थी

ता. क. तलावावर संत्री न्याल तर मोजून न्या आणि दुप्पट न्या. पाण्यात पडेपर्यंत निम्मी पोरांच्या पोटात जातात.